गिल्बर्ट हिल ते तानसा

शाळा जूनमध्ये उघडते आणि स्काउट पथकाचं वर्षही त्याच सुमारास सुरू होतं. उपनगरातल्या पथकानं पहिली सहल कुठे काढावी, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. इमारती आणि दाट वस्ती यांच्या मधोमध काळ्या बेसॉल्टचा हा ६१ मीटर उंच सुळका उभा आहे. त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. लाव्हा थिजताना पडलेले उभे खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत आणि वर गावदेवीचं व दुर्गामातेचं देऊळ आहे. कातळातल्या पायऱ्यांनी वर चढलेल्या मुलाला पश्चिमेला समुद्राची कड दिसते, पूर्वेला आरे आणि बोरिवलीच्या जंगलाचे डोंगर दिसतात. पुढच्या दहा-अकरा महिन्यांत ज्या दिशांना जायचं त्यातल्या बऱ्याचशा इथून बोट दाखवून सांगता येतात. होकायंत्र पहिल्यांदा हातात द्यायला आणि कागदावर पहिला कच्चा नकाशा काढायला याहून चांगली जागा उपनगरात नाही. अनेक शाळांमध्ये मात्र शिबिर म्हणजे हिवाळ्यातली एकच मोठी मोहीम असते. बस ठरते, लांबच्या थंड हवेच्या ठिकाणी दोन-तीन दिवस मुक्काम होतो, संचलन होतं, शेकोटी होते, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि वर्ष संपतं. माझं म्हणणं असं की जवळच्याच जागी, वर्षभर, ऋतू बदलतील तसं पुन्हा पुन्हा जाणाऱ्या पथकाला त्या एका मोठ्या मोहिमेपेक्षा कितीतरी जास्त मिळतं.

हे म्हणणं स्काउट चळवळीच्या उगमाशी सुसंगतच आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७च्या ऑगस्टमध्ये पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं ते ब्राउनसी बेटावर. हे बेट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल शहराच्या बंदरातच आहे, धक्क्यावरून थोडा वेळ होडीत बसलं की येतं. वीस-बावीस मुलं होती, काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही कामगारवस्तीतली. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक दिला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ या पुस्तकात निरीक्षणाला जे स्थान आहे ते कवायतीला नाही. थाळीत वीसेक वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघू द्यायच्या, मग झाकून आठवायला लावायच्या, हा आजही प्रत्येक पथकात खेळला जाणारा ‘किम्स गेम’ त्यातलाच. तो ज्या ‘किम’ कादंबरीवरून घेतला तिचा लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईतच जन्मला. निरीक्षणाला परत जाणं लागतं. एकदाच पाहिलेली जागा सुंदर वाटते आणि तिथेच थांबते. जूनमध्ये कोरडा पाहिलेला ओढा ऑगस्टमध्ये छातीइतका वाहताना आणि जानेवारीत डबक्यांपुरता उरलेला ज्यानं पाहिला, त्याच्या मनात प्रश्न उभे राहतात. पाणी कुठून आलं, कुठे गेलं, कुणी अडवलं?

हे प्रश्न घेऊन बोरिवलीला जायचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढं जंगल असणं ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे. उपनगरात वाढलेल्या मुलाला याची कल्पना नसते, कारण त्याच्या लेखी ‘नॅशनल पार्क’ म्हणजे महामार्गावरचा बसथांबा. श्रावणात आत गेलं की शिलोंड्याच्या ओढ्याला पाणी असतं, वाटेवर शेवाळं असतं, आणि कान्हेरीच्या रस्त्याला पाड्यावरच्या बायका काकड्या, पेरू, आवळे टोपलीत मांडून बसलेल्या असतात. पहिल्या पावसानंतर बोरिवली आणि मुलुंडच्या बाजारांतही रानभाज्यांचे वाटे येतात: शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी. इमारतीतली रीत अशी की भाजी निवडून, धुऊन, पिशवीत बंद होऊन दाराशी येते आणि तिचं नाव ॲपवर वाचायचं. पाड्याची रीत अशी की कोणती कोवळी, कोणती जून, कोणती कशात घालून शिजवायची, हे पोरीला दहाव्या वर्षी ठाऊक असतं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यांच्याबरोबर काकड हे आंबट फळ लागतं. हे पुस्तकात वाचून कळतं, पण विकणाऱ्या मावशींकडून ऐकलं की लक्षात राहतं. वनस्पती ओळखण्याची परीक्षा द्यायची असेल तर अशा बाईपेक्षा चांगली परीक्षक मिळणार नाही, आणि तिच्याशी अदबीनं बोलायला शिकणं हाही त्या परीक्षेचाच भाग आहे.

वर कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून हजारभर वर्षं इथे भिक्षूंचा वावर होता. मोठा चैत्य पाहून लोक परततात. पथकानं मात्र पाण्याची टाकी मोजावीत. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात खडकात खोदलेलं टाकं आहे. डोंगरमाथ्यावरचं पावसाचं पाणी बारीक पन्हळींनी त्यात उतरवलं आहे, आणि ही टाकी खोदवून देणाऱ्या कल्याण-सोपाऱ्याच्या दानशूरांची नावं शिलालेखांत आहेत. पावसाळ्यात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा याच टाक्यांत काठी घालून पाण्याची खोली मोजली, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आठ कोरडे महिने कसे काढले ते आकड्यांत समोर येतं. खाली तुळशी तलाव आहे, १८७९चा. त्याच्या बांधातून पुढे निघणारी दहिसर नदी उद्यानातून बाहेर पडते, बोरिवली-दहिसरच्या वस्त्यांतून जाते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानात तिच्या पाण्यात मासे दिसतात आणि उद्यानाबाहेर तिला लोक नाला म्हणतात. एका सकाळी नदीबरोबर उगमाकडून खाडीकडे चालत गेलेल्या मुलांना प्रदूषणावर निबंध सांगावा लागत नाही. नदी कुठल्या वळणावर काळी झाली, तिथे त्यांनी नकाशावर फुली मारलेली असते.

इथे पालकांचा पहिला आणि सर्वांत वाजवी आक्षेप येतो: या जंगलात बिबटे आहेत. आहेत, आणि गोरेगावच्या आरे वसाहतीतही आहेत. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेनं माणसांवर अनेक हल्ले झाले, त्यात जीव गेले, हे मी कमी लेखत नाही. पण त्यानंतर जे समजत गेलं तेही पालकांनी पाहायला हवं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासानं दाखवलं की एका ठिकाणचे बिबटे पकडून दुसऱ्या ठिकाणी सोडले की हल्ले वाढतात. बिबट्या आपल्या ओळखीच्या इलाख्यात माणसाला टाळून राहू शकतो. उघड्यावरचा कचरा आणि त्यावर जगणारी भटकी कुत्री त्याला वस्तीकडे ओढतात. २०११पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून हेच लोकांपर्यंत नेलं: तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटं सोडू नका, घोळक्यानं आणि बोलत चाला, कचरा उघड्यावर टाकू नका. हे नियम नीट वाचले तर ते स्काउटच्या हाईकचेच नियम आहेत. संघ तुटू द्यायचा नाही, शेवटच्या मुलाला मागे सोडायचं नाही, मुक्कामाच्या जागी एक कागदही राहू द्यायचा नाही, अंधार पडायच्या आत बाहेर.

आरेच्या पाड्यांवर वारली लोक हे फार आधीपासून जाणतात. तिथे वाघोबाचं ठाणं आहे आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. इमारतीतल्या माणसाला बिबट्या दिसला की तो पिंजरा मागतो. पाड्यावरचा माणूस त्याला देव मानतो आणि तरीही रात्री पोराला एकट्याला बाहेर पाठवत नाही. श्रद्धा आणि सावधगिरी एकत्र नांदू शकतात, हे शहरी मुलानं पाहण्यासारखं आहे. अजून काही घरांना कारवीच्या कुडाच्या भिंती दिसतात, माती-शेणानं लिंपलेल्या. हीच कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते आणि डोंगर जांभळा करते. उद्यानात ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. दहा वर्षांच्या मुलानं आज कारवीचं रोप नकाशावर नोंदवलं, तर पुढच्या फुलोऱ्याला, म्हणजे २०३२ साली, तो रोव्हरच्या, म्हणजे तरुण स्काउटच्या, वयाचा असेल. धोका अजिबात नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. धोका ओळखून नियमानं वागणारं मूल घरात कोंडलेल्या मुलापेक्षा सुरक्षित असतं, एवढंच मी म्हणतो, आणि ज्या शहरात २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी घराघरांत शिरली, तिथे संकट जंगलाच्या फाटकापर्यंत थांबत नाही हेही लक्षात घ्यावं लागतं.

राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, शेकोटी पेटवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रात्रीच्या मुक्कामासाठी हिवाळ्यात खाडी ओलांडावी. बोरिवलीहून होडीनं गोराईला उतरलं की शहर मागे राहतं. ब्राउनसीची आठवण मला इथेच सर्वांत जास्त येते. तिवरांच्या कडेनं चिखलाचा वास, शेतांचे तुकडे, चर्चची पांढरी भिंत, पुढे मनोरीकडे बांबूच्या चौकटींवर वाळत घातलेले बोंबील. इथले ईस्ट इंडियन आणि कोळी लोक मुंबईचे जुने रहिवासी आहेत. त्यांची मराठी बोली, त्यांच्या लग्नातले फुगे, वर्षभरासाठी एकदाच कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला मसाला, हे सगळं खाडीपलीकडच्या मुलाला परमुलखातलं वाटतं, आणि असतं त्याच्याच महापालिकेच्या हद्दीत. उपनगरातल्या सोसायटीत शेजाऱ्याचं दार बंद असतं. इथे ओटीवर मासळी साफ करणारी बाई अनोळखी पोरांनाही कुठून आलात विचारते आणि पाणी देते. परवानगी घेतलेल्या वाडीत चार राहुट्या उभ्या करायच्या, आणि मग मोठ्यांनी मागे सरायचं. पाणी कोण आणणार, चूल कोण मांडणार, खिचडीत मीठ किती, रात्री पहाऱ्याच्या पाळ्या कशा, हे संघनायकानं ठरवायचं. बिनभांड्यांच्या स्वयंपाकात कणकेचा गोळा काठीला गुंडाळून भाजतात, बटाटे निखाऱ्यात पुरतात, आणि पहिल्या वेळी अर्धे कच्चे निघतात. जवळच्या शिबिराचा मोठा फायदा इथे दिसतो. चार तासांच्या बसप्रवासावर, खर्चिक जागी, शेकडो मुलं असताना शिक्षक चूक होऊ देऊ शकत नाहीत, त्यामुळे आचारी येतो आणि मुलं ताट घेऊन रांगेत उभी राहतात. घराजवळ, बारा-पंधरा मुलांत, एक जेवण बिघडलं तर काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यात तोच संघ तीच चूल पुन्हा मांडतो.

वेळ कुठून आणायचा, असं विचारणाऱ्या आईबापांना मी मनापासून समजून घेतो. क्लास, स्पर्धा परीक्षा, शनिवार-रविवारचे जादा तास यांनी आठवीतल्या मुलाचा दिवस भरून गेलेला असतो. पण महिन्याकाठी एक सकाळ आणि वर्षात दोन-तीन रात्री, याहून जास्त या आराखड्याला लागत नाही. लांबच्या सहलीला लागणारे पैसेही लागत नाहीत, आणि ही बाब महापालिकेच्या शाळांतल्या पथकांसाठी महत्त्वाची आहे. शिबिराची फी भरू न शकणारं मूल वर्गात मागे राहतं आणि स्काउटचा गणवेश असूनही स्काउट होत नाही. मुलांनी स्वतः छोटी कामं करून, म्हणजे ‘खरी कमाई’तून, मिळवलेल्या पैशांत बोरिवली-गोराई सहज होते.

जानेवारीत पूर्वेकडे वळायचं. मुलुंडच्या जुन्या भागातले रस्ते काटकोनात आखलेले आहेत, पाचरस्त्याला येऊन मिळणारे, त्यामुळे पावलं मोजून नकाशा काढायला शिकवण्यासाठी ते फार सोयीचे आहेत. गुजराती फरसाणवाला, उडुपी हॉटेल आणि मराठी पोळीभाजी केंद्र एकाच फुटपाथवर नांदतात, आणि मराठी डोंगरप्रेमींचं ‘गिरिमित्र संमेलन’ भरतं तेही इथेच, महाराष्ट्र सेवा संघात. सह्याद्री चढलेली अनुभवी माणसं या गावात घरोघर आहेत. त्यांना पथकात बोलवायला पैसे लागत नाहीत. शेजारी भांडुपच्या उदंचन केंद्राकडे पहाटे गेलं की ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. २०१५ साली ही खाडी रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाली, २०२२ साली रामसर स्थळ झाली. त्या पाणथळीला लागूनच शहराचं सांडपाणी आणि मीठागरं आहेत. निसर्ग फक्त निर्मळ ठिकाणीच असतो, हा पुस्तकी समज इथे टिकत नाही.

घाटकोपरला मी मुद्दाम वर्षाच्या उत्तरार्धात ठेवतो, कारण तिथे पाहायला नव्हे तर काम करायला जायचं. डोंगरउतारावर चढत गेलेल्या वस्त्या, अरुंद जिने, घराच्या मागे थेट माती. १२ जुलै २०००ला इथल्या आझाद नगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसं गेली. ‘तयार’ हे ज्यांचं ब्रीद, त्या मुलांनी या गल्ल्यांचा नकाशा करावा: रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, स्ट्रेचर कुठल्या जिन्यानं उतरेल, पाण्याचा निचरा कुठे तुंबला आहे. दोन काठ्या आणि एका चादरीचं स्ट्रेचर मैदानावर सगळेच करतात. ते दीड हात रुंद जिन्यावरून उतरवून पाहिलं की गाठी का घट्ट हव्यात ते समजतं. वस्तीतली मुलं या पथकात असतील, आणि असलीच पाहिजेत, तर वाट तीच दाखवतील आणि इमारतीतली मुलं मागे चालतील.

स्काउटिंग ही साहेबाच्या फौजेची नक्कल आहे, असा एक जुना आक्षेप आहे आणि त्यात तथ्य होतं. १९०९च्या सुमाराला भारतात सुरू झालेली पहिली पथकं गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती, भारतीय मुलांना त्यांत जागा नव्हती. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासला वेगळी संघटना काढली आणि उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५०ला संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ झाली, १९५१ साली गाईड्सही सामील झाल्या. आपल्या आधीच्या पिढ्यांनी ही गोष्ट भीक म्हणून घेतली नाही, हक्कानं घेतली आणि सेवेकडे वळवली. वर्षभर फक्त संचलन आणि सलामी करणारं पथक त्यांचं हे काम अर्धवट सोडतं.

वर्ष संपायच्या आत एक लांबचा प्रवास हवाच, आणि तो शहापूर तालुक्याचा असावा. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या वस्त्यांमधून जी मोठी जलवाहिनी जाते, जिच्यावरून मुलं वर्षभर उड्या मारत आली, ती तानसाची. १८९२चं हे धरण शहापूर तालुक्यात आहे, भातसाही तिथेच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार शहराच्या हद्दीत आहेत आणि त्यांचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळं लांबून येतं. एप्रिलमध्ये धरणाच्या आसपासच्या अनेक पाड्यांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावलेले असतात. आपल्या घरी नळ उघडा ठेवून दात घासले जातात. त्या पाड्यांतल्या बायका मुलांना भाकरी, चटणी आणि थोडंसं पाणी देतात, आणि पाणी देताना हात आखडत नाहीत. कान्हेरीची टाकी मोजलेल्या, दहिसर नदी चाललेल्या मुलांना इथे काय पाहायचं ते कुणी सांगावं लागत नाही. लांबचं शिबिर मला नकोच असं नाही. राजस्थानात रोहटला २०२३च्या जानेवारीत भरलेल्या राष्ट्रीय जांबोरीसारखा मेळावा देशभरातल्या मुलांची गाठ घालून देतो आणि ते मोल वेगळं आहे. पण मोठेपणानं सुरक्षितता आपोआप येत नाही, हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातल्या जागतिक जांबोरीत उष्माघातानं शेकडो मुलं आजारी पडली, काही देशांची पथकं निघून गेली आणि वादळामुळे तळ रिकामा करावा लागला, तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या मेळाव्याला जाणारं मूल आपली चूल आधी घराजवळ मांडून आलेलं असावं.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षाचा आराखडा मे महिन्यातच संघनायकांच्या हाती द्या आणि तो त्यांना बदलू द्या. उद्यानाच्या परवानगीचा अर्ज वेळेवर करा आणि वाटाड्या पाड्यावरचाच घ्या. महिन्यातली एक सकाळ क्लासमधून सोडवून घ्या. आणि मुलांच्या चुलीवरची पहिली खिचडी करपली तरी घरून डबा पाठवू नका.